जळाले, असे लिहा

पंखा हळू फिरायला लागला की मध्य प्रदेशातल्या आमच्या डोईफोडियात कोणी मिस्त्रीची वाट बघत बसत नाही. घरातला नववी-दहावीतला पोरगा मेन स्विच पाडतो, स्टुलावर चढतो, पंख्याची वाटी खाली सरकवतो आणि जुना कंडेन्सर काढून अडीच मायक्रोफॅरडचा नवा जोडतो. आजी स्टूल धरून उभी असते. दहा मिनिटांत पंखा पूर्वीसारखा. कंडेन्सर कमजोर झाला की मोटरला रेटणारा जोर कमी पडतो, हे त्या पोराला नीट कळलेलं असतं. शब्द पुस्तकातले नसतील, समज पक्की असते.

अशाच एका पोराला मी गेल्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात पाहिलं. समोर ‘स्मार्ट कचराकुंडी’. हात पुढे केला की झाकण उघडतं, हात मागे घेतला की मिटतं. त्या एका खोलीत अशा चार कुंड्या होत्या, चारही एकाच रंगाच्या.

“बाळा, हात आला हे तिला कळतं कसं?”

“सेन्सर आहे ना काका.”

“सेन्सर काय करतो?”

तो गप्प झाला. मग खरं ते सांगितलं. “ते किटमधलं आहे. प्रोग्रामपण त्यातलाच आहे. आम्ही फक्त चिकटवलं.”

त्या पोराचा मला राग आला नाही. घरी पंखा उघडून दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या हातात आपण चिकटवायचं काम दिलं, याचा आला. बक्षीसही कचराकुंडीलाच मिळालं, म्हणजे पुढच्या वर्षी त्या आठ असणार.

आता त्या कुंडीत काय होतं ते बघा. दोन गोल डोळ्यांची एक पट्टी असते, दुकानात तिला एचसी-एसआर-०४ म्हणतात. एक डोळा ओरडतो, दुसरा ऐकतो. ओरडणं सेकंदाला चाळीस हजार कंपनांचं, म्हणून आपल्या कानाला ते ऐकू येत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. हात एक मीटरवर असला तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. त्या वेळेवरून अंतर काढायचं, बस. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारणाऱ्या आणि ती किती वेळाने परत येते हे ऐकणाऱ्या पोराला यात अवघड काय आहे? ही पट्टी दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत मोजते. खोल विहिरीला ती पुरणार नाही, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलं ते नक्की सांगेल. पोराच्या आईला कचराकुंडीचं झाकण आपोआप उघडून काय मिळणार आहे? टाकी भरून वाहायला लागली हे स्वयंपाकघरात कळलं तर ती त्याला दुवा देईल.

सुटे भाग म्हणजे किट. जोडावेत, चुकवावेत, जाळावेत, सोडवून पुन्हा दुसऱ्याच कशाला लावावेत. एकाच कामाचा, एकाच पद्धतीने जुळणारा, मागे छापील उत्तर असलेला डबा म्हणजे किट नव्हे. तो खेळण्यांच्या दुकानातला माल आहे.

प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांनी तो पोरगा माझ्या ओसरीवर आला. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि एक लाल एलईडी घेऊन. मी काही बोलायच्या आत त्याने एलईडीचे दोन पाय थेट बॅटरीला लावले. एलईडी लाल पेटला, मग नारिंगी झाला आणि विझला. करपल्याचा बारीक वास आला.

“काका, जळलं.” चेहरा असा, जणू घरातली काच फोडली.

मी म्हणालो, फार छान झालं, आता बस. एलईडीला दोन व्होल्ट लागतात, वीस मिलिअँपिअर करंट लागतो. बॅटरी नऊची. उरलेले सात व्होल्ट कोणी खायचे? सातला ०.०२ ने भागलं की ३५० येतात. म्हणजे साडेतीनशे ओहमचा रेझिस्टर हवा. बाजारात नेमका तो सहसा मिळत नाही, ३३० मिळतो, ३९० मिळतो, ४७० मिळतो. आपण ३९० घेऊ. हे सगळं त्याने जमिनीवर खडूने लिहिलं. ओहमचा नियम त्याने दोन वर्षांपूर्वी पाठ केलेला होता, परीक्षेत मार्कही मिळवले होते. तो नियम या जगात काहीतरी करतो, हे त्याला त्या दिवशी नाकाने कळलं.

एक एलईडी चहाच्या घोटापेक्षा स्वस्त आहे. तो जळल्यावर जे कळतं ते न जळता कळत नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मात्र इथेच एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवून ठेवा. जाळायचं ते बॅटरीवरचं. पाच व्होल्ट, नऊ व्होल्ट, फार तर बारा. भिंतीतल्या २३० व्होल्टला आणि स्टार्टरमधल्या तीन फेजला पोराने हात लावायचा नाही. तिथे पार्ट जळत नाही, माणूस जातो. पंख्याच्या कंडेन्सरलाही मेन पाडूनच आणि मोठं माणूस शेजारी असतानाच.

* * *

आता शाळेकडे येतो. कुठली शाळा ते सांगणार नाही, कारण असं कपाट एकाच शाळेत नसतं.

काचेचं कपाट. आत निळे बोर्ड, बारकी चाकं, तारांच्या जुड्या, सगळं कंपनीच्या प्लास्टिकमध्ये. कपाटाला कुलूप. मी गुरुजींना विचारलं, मुलांना कधी देता? त्यांनी मला कपाट न दाखवता नोंदवही दाखवली. महाराष्ट्रात हिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात, आमच्याकडे स्टॉक रजिस्टर. प्रत्येक वस्तूपुढे संख्या, तारीख, सही. “भाऊ, यातला एक जरी कमी भरला तर उत्तर मला द्यावं लागतं. पोरं जाळतात. मग मी काय लिहू?”

माणूस खोटं बोलत नव्हता. त्या वहीत टेबल, घंटा, नकाशा आणि ट्रान्झिस्टर एकाच रांगेत लिहिलेले होते. टेबल वीस वर्षं टिकावं ही अपेक्षा बरोबर आहे. ट्रान्झिस्टर वीस वर्षं टिकला तर त्याचा अर्थ तो कोणी वापरलाच नाही. ट्रान्झिस्टर खडूच्या घरातला आहे. खडू संपला म्हणून कुठल्या मुख्याध्यापकाला जाब विचारतात का? उलट खडूचं खोकं तसंच पडून राहिलं तर वर्गात शिकवलं काय, असं विचारावं लागेल.

तर माझं सगळं भांडण या एका रकान्याशी आहे. रेझिस्टर, एलईडी, डायोड, ट्रान्झिस्टर, बारक्या आयसी, जोडतारा हे जडसंग्रहात लिहूच नका. संपणाऱ्या मालात लिहा. आणि एक रकाना वाढवा: प्रयोगात जळाले.

हे काही मी जगावेगळं मागत नाही. याच मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात, आज ज्याला नर्मदापुरम म्हणतात तिथे, किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवायची नवी रीत सुरू केली. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. प्रयोग पोरांनी टोळ्या करून स्वतः करायचा, निष्कर्ष स्वतः लिहायचा. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’, आणि परीक्षेत ते पुस्तक उघडून बसायची परवानगी. १९७८ मध्ये हा कार्यक्रम अख्ख्या जिल्ह्यात गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. प्रत्येक शाळेत किट असायचं, आणि किटमधली वस्तू फुटणार, संपणार, हे आधीच धरून तिची भरपाई हा कार्यक्रमाचाच भाग मानला होता. पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी करणारे अरविंद गुप्ता त्या काळात रजा काढून तिकडे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी टाकाऊतून खेळण्यांचं जे प्रचंड काम उभं केलं, त्याचं मूळ या मातीत आहे. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची गोष्ट एका आदेशात संपली. मला आजही त्याची चुटपुट लागते. आपल्या राज्याला जे येत होतं ते आपण विसरलो, आणि आता दिल्लीहून आलेल्या खोक्यांना कुलूप लावून बसलो आहोत.

दिल्लीच्या खोक्यांबद्दलही नीट बोलू. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. एका शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान: दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षं चालवायला. दहा हजार शाळांपर्यंत ही योजना गेली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण ‘चालवायला’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा? माझ्या मते चालवण्याचा खर्च म्हणजे मुख्यतः जळण्याचा खर्च. थ्री-डी प्रिंटरवर कापड टाकून ठेवलं आणि पाहुणे आले की काढलं, याला चालवणं म्हणत नाहीत. पन्नास हजार नव्या कपाटांच्या किल्ल्या मुख्याध्यापकांच्या खिशात जाणार असतील तर आत्ताच सांगा. तेवढ्या पैशात प्रत्येक पोराच्या हातात एक मल्टिमीटर तरी येईल.

ब्रिटनमध्ये २०१६ साली बीबीसीने मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड अकरा-बारा वर्षांच्या मुलांना फुकट वाटला, जवळजवळ दहा लाख बोर्ड. शाळेच्या कपाटाला नाही, मुलाला दिला, घरी न्यायला. तिथलं सगळं आपल्याला जमेल असं नाही, पण हे एक उचलण्यासारखं आहे.

* * *

ज्या बोर्डावर ही सगळी हौसेची दुनिया उभी आहे त्या आर्डुइनोची गोष्ट आमच्या पोरांना कोणी सांगत नाही. इटलीत इव्रेआ नावाचं छोटं गाव. तिथल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत २००५ साली मास्सिमो बान्झी आणि त्याच्या साथीदारांनी हा बोर्ड केला, त्याच संस्थेतल्या एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्याच्या कामाचा आधार घेऊन. नाव ठेवलं गावातल्या एका बारवरून. तो ज्यांच्यासाठी केला ते इंजिनिअर नव्हते, हे महत्त्वाचं. आणि बोर्डाचा नकाशा सगळ्यांना खुला ठेवला. म्हणून तर त्याच्यासारखे स्वस्त बोर्ड जगभर बनतात आणि टपालाने आमच्या खाकनार तालुक्यापर्यंत पोचतात. हे बोर्ड करायला मुभा आहे, फक्त आर्डुइनो हे नाव त्यावर छापता येत नाही.

२०१० साली आलेल्या त्याच्या उनो या बोर्डात मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट म्हणजे मधली लांबट अठ्ठावीस पायांची काळी चिप. मूळ उनोमध्ये ती डाग मारून बसवलेली नसते, खोबणीत खोचलेली असते. चुकीची तार लागली, चिप जळली, तर स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटायची आणि दुसरी खोचायची. बोर्ड तोच. बोर्ड करणाऱ्यांनी पोरगं चिप जाळणार हे गृहीत धरून जागा ठेवली. स्वस्त बोर्डांपैकी पुष्कळांत ही चिप बारीक करून कायमची चिकटवलेली असते. किट घेताना किंमत बघतो तशी ही खोबणी बघा. पालकांनो, तुमच्यासाठी सांगतो आहे.

* * *

मग पार्ट आणायचे कुठून?

मुंबईच्या पोराला लॅमिंग्टन रोड आहे. सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव सांगितलंत तर चार जण विचारात पडतील. पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्ली. जळगावला गोलाणी मार्केट, पण तिथे जोर मोबाईलवर. आमच्या पोराला काय? एकदा ३९० ओहमचा रेझिस्टर विचारत मी गावोगाव फिरलो. मोटरची कॉइल होती, स्टार्टर होते, चोक होते, कंडेन्सर तर बरणीभर. रेझिस्टर म्हटल्यावर एका भल्या मिस्त्रीने मेलेल्या टीव्हीचा बोर्ड पुढ्यात टाकला आणि म्हणाला, “यात बघा, पन्नास निघतील.” निघाले. पैसे घेतले नाहीत.

त्या माणसाने मला वाट दाखवली. आमच्या गावात किटचा तुटवडा नाहीच, फक्त ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढून जातं. मेलेला सीएफएल बल्ब घ्या. घराघरात एलईडी आल्यावर ते पोत्याने फेकले गेले. त्याच्या बुडाशी असलेल्या गोल बोर्डावर चार डायोड असतात, बहुतेक वेळा १एन४००७, दोन ट्रान्झिस्टर, फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली तार, चार-सहा कंडेन्सर. मात्र दोन सूचना. काचेची नळी फोडू नका, आत पारा असतो. आणि मोठा कंडेन्सर शेकडो व्होल्ट धरून बसलेला असू शकतो, म्हणून मोठ्या माणसाने रेझिस्टर लावून तो आधी रिकामा करायचा, मगच पोराच्या हातात बोर्ड. हे दोन नियम पाळले तर मेलेला बल्ब हे आमच्या तालुक्यातलं सगळ्यात स्वस्त किट आहे. पाठीवरच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची मोटर, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले चांगले उरलेले सेल, बिघडलेल्या सेट टॉप बॉक्सचा ट्रान्सफॉर्मर. सेल मात्र जपून, शॉर्ट झाला तर तो पेट घेतो.

गंमत अशी की आमच्या शेतकऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स कधीचंच आलं आहे. रानडुकरं आणि रोही हाकलायला बांधावर झटका मशीन असतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून ते तारेत सेकंद-दीड सेकंदाला एक क्षणभराचा मोठ्या व्होल्टेजचा ठोका सोडतं. ठोका क्षणभराचाच, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. काही जण पैसे वाचवायला तारेत सरळ लाईट सोडतात आणि मग रात्री त्याच तारेला कुणाचा तरी मुलगा चिकटतो. ठोका का मारत नाही आणि सरळ लाईट का मारते, हा धडा सातवीच्या पोराला शिकवला तर गावात जीव वाचतील. कुठल्याही कचराकुंडीपेक्षा हा प्रयोग मला मोलाचा वाटतो.

शेतातल्या पाण्याच्या मोटरचंही तसंच. रात्रीच्या पाळीला लाईट आली की माणूस उठून अंधारात, सापा-डुकरांतून शेतात जातो, हिरवं बटण दाबतो आणि कळतं की एक फेज नाही. परत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी आपल्या म्हाताऱ्या आजोबांची हीच पायपीट पाहून विचार सुरू केला आणि त्यातून ‘नॅनो गणेश’ झालं. स्टार्टरला जोडलेल्या खोक्यात मोबाईलची सोय, घरून फोन करायचा, लाईट आहे का ते विचारायचं, मोटर चालू-बंद करायची. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. तत्त्व अवघड नाही. फोनने एक रिले ओढायचा आणि रिलेने स्टार्टरचं बटण दाबायचं. किटमधल्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं वाचून पुष्कळ जण मोटरच त्याला जोडायला बघतात. तसं करू नका. मोटरचा भार स्टार्टरने वाहायचा, रिलेने फक्त बोट व्हायचं. आणि ते बोट स्टार्टरला जोडायचं काम जाणत्या मिस्त्रीचं, पोराने बारा व्होल्टच्या बाजूने खेळावं.

रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावला नाही तर कॉइल बंद होताना उलट धक्का देते आणि ट्रान्झिस्टर मरतो. माझ्या ओसरीवर त्या पोराने दोन बीसी ५४७ असे मारले. तिसऱ्या वेळी सीएफएलमधून काढलेला डायोड लावला आणि मग नुसता टक-टक आवाज. डायोड कशासाठी असतो हे त्याला आता जन्मभर सांगावं लागणार नाही.

मातीचंही ऐका. प्रत्येक किटात ओलावा मोजायचं दोन दातांचं काट्यासारखं सेन्सर येतं. आमच्या काळ्या रानात ते महिनाभरही धड चालत नाही. ओल्या मातीतून सतत करंट गेला की दात खंगतात. आणि रान वाळलं की भेगा पडतात, एक दात भेगेत हवेत लोंबतो आणि सेन्सर ओरडतं, पाणी द्या, पाणी द्या. केळीच्या बुडाशी चिखल असताना. हे कुठल्या किटच्या कागदावर लिहिलेलं नाही, कारण तो कागद लिहिणाऱ्याने काळी माती पाहिलेली नाही. पण आमचं पोरगं पाहतं. दर वेळी मोजण्यापुरताच करंट सोडायचा, मग बंद करायचा, हे त्याला सुचू शकतं. उघडा धातू मातीला न लागू देता धारकतेवर चालणारं सेन्सर घ्यायचं, हेही. पण त्यासाठी आधी दोन-तीन सेन्सर खराब व्हायला हवीत, आणि ती खराब झाल्यावर कोणी रागवायला नको.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने. संशोधनातली मोठी नोकरी सोडून हा माणूस पाण्याची टंचाई असलेल्या गावात जाऊन राहिला, शाळा सोडलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवायला. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे हवं ते साधन स्वतः बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक काढली ती या पाबळला. आणि तिथे काय केलं? दुधाची परीक्षा करायचं साधन, पंपाची डिझेल इंजिनं नीट लावायचं साधन. गावाला जे लागतं ते. आपल्या निमाडातही खरगोन भागात आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या कार्यक्रमात गावच्याच माणसांनी सुटे भाग जोडून शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचे दिवे केले, बिघडलेले दुरुस्तही केले. १२० रुपयांना दिवा. खरगोनच्या खेड्यातल्या माणसाला डाग मारता येतो, मग डोईफोडियाच्या पोराला का येऊ नये? राळेचा तो धूर नाकात गेला की पोरगं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरी मराठी, शाळेत हिंदी, किटच्या कागदावर बारीक इंग्रजी. अशा तीन भाषांतून आमचं पोरगं वाट काढतं. रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्यांना मात्र भाषा नाही. नारिंगी, पांढरा, तपकिरी: ३९०. हे त्याने आजीलाही शिकवलं. तिने दुसऱ्या दिवशी बोर्डावरून बरोबर शोधून दिला, चष्मा न लावता.

पालकांना एकच सांगायचं आहे. वाढदिवसाला मोठ्या डब्याचं किट घेऊ नका. शंभर रेझिस्टर, वीस एलईडी, दहा ट्रान्झिस्टर, दहा डायोड, दोन ५५५ च्या आयसी, एक ब्रेडबोर्ड, एक साधा मल्टिमीटर घ्या. ५५५ ही आठ पायांची आयसी हान्स कामेनझिंड यांनी आखली, १९७२ पासून बाजारात आहे, आणि अजूनही पोराला टिकटिक, लुकलुक आणि भोंगा शिकवायला तिच्यासारखी दुसरी नाही. होशंगाबादचा कार्यक्रम आणि ही आयसी एकाच वर्षाची. एक अजून विकली जाते.

गुरुजींशी माझं बोलणं झालं आहे. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, जळालेल्याची जबाबदारी कोण घेणार ते सांगा. मी सांगितलं, दर शनिवारी दुपारी मी येऊन बसतो. कपाट उघडा, बारीक पार्टांसाठी वेगळी वही घाला, दोनशे पानी, ती मी आणतो. तारीख, पार्टचं नाव, संख्या, आणि शेवटचा रकाना ‘प्रयोगात जळाले’. पोरगं स्वतः लिहील, कशाने जळालं तेही लिहील. खाली सही माझी.

वही घेतली आहे. रेघा मारून झाल्या आहेत. पहिल्या ओळीत त्या पोराने आपला एलईडी लिहून टाकला आहे, घरचा असला तरी. ‘लाल एलईडी, १, नऊ व्होल्ट थेट लावले.’